तांबे बाईंचं पाचवं शील

तांबे बाईंनी आयुष्यात जेवढ्या पुरुषांना थुंकायला लावलं, तेवढं आमच्या महाडातल्या कुठल्याही दातांच्या डॉक्टरनं लावलं नसेल. सकाळची पोलादपूरची एसटी सुटायच्या आधी त्या पायरीवर उभ्या राहून आत एक नजर फिरवायच्या. ज्याचा गाल फुगलेला दिसेल त्याच्यासमोर जाऊन उभ्या. "उतरा खाली. थुंकून या. खिडकीतून नाही हां, मागच्या सीटवर माणसं बसतात." माणूस ओळखीचा असो, नसो. एकदा तर कंडक्टरच सापडला. तो बिचारा गटारापर्यंत गेला, चूळ भरून आला आणि मगच त्यानं घंटी मारली. गाडी उशिरा सुटली म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही.

मी शेजारच्या सीटवर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "बाई, तुम्हाला काय करायचंय? लोकांचं तोंड, लोकांचा तंबाखू," मी हळूच म्हणायचे. त्या माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच गालात बार भरून बसले आहे. "तोंड म्हणजे काय पिकदाणी आहे गो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेत, लग्नात, रेशनच्या रांगेत, सगळीकडे चालायचं.

आम्ही दोघी जिल्हा परिषदेच्या मास्तरणी. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीवर आमची दोन शिक्षकांची शाळा होती. बाई वयानं आणि नोकरीनंही मोठ्या, म्हणून त्या मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखाली. त्या सावित्रीकाठच्या तुडीलच्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नाही. दिराच्या मुलाला, संदेशला, त्यांनीच शिकवलं आणि त्याचं लग्नही त्यांनीच लावलं. आठवडाभर त्या महाडला आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की तुडीलला. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, कायम सुती साडी, काखेत छत्री. आवाज मात्र असा, की वरच्या आळीतून हाक मारली तर खालच्या आळीतली पोरं दप्तर उचलायची.

त्यांची आणखी एक सवय सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. पोरगं खोटं बोललं तर त्या कधी "खोटं" म्हणायच्या नाहीत. चुकलं तर "चूक" म्हणायच्या नाहीत. नुसतं एक बोट हवेत गोल फिरवायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा."

"काल का नाही आलास?"

"पोटात दुखत व्हतं बाई."

बोट फिरलं. "पुन्हा."

पोरगं खाली बघणार, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरणार, आणि मग, "गुरं घेऊन गेलतो, बाई."

"हं. बस."

ना छडी, ना ओरडा. खरं माणसाच्या पोटातच असतं, दुसऱ्यांदा विचारलं की बाहेर येतं, असा त्यांचा हिशेब. माझ्या घरीही हाच कारभार. माझा मुलगा "अभ्यास झाला" म्हणाला आणि त्या नेमक्या ओसरीवर असल्या, की बोट गोल फिरायचं आणि चिरंजीव वही काढून बसायचे. माझ्या नवऱ्यानं एकदा "मित्राकडे बसलो होतो" म्हटलं तेव्हाही ते बोट फिरलं होतं. पुढचं मी सांगत नाही.

बौद्धवाड्यांमधल्या लग्नांत वंदना घ्यायला बाईंना आग्रहानं बोलावणं असे. तुडीलपासून पोलादपूरपर्यंत. त्रिसरण झालं की पंचशील. चार शिलं त्या एका सुरात म्हणवून घ्यायच्या आणि पाचव्यापाशी थांबायच्या. पाचवं शील नशा न करण्याचं. बाईंच्या हिशेबात तंबाखू, गुटखा सगळं त्यात आलं. मांडवात नजर फिरायची. "मागचे ते निळा शर्टवाले, आधी तोंड मोकळं करून या. भरल्या तोंडानं पाचवं शील म्हणायचं नाही." आणि माणसं उठायची हो! खुर्च्या सरकवत, एकमेकांकडे बघून हसत, मांडवाच्या कडेला जाऊन थुंकून यायची. एका लग्नात तर नवरदेवाचाच गाल फुगलेला. मुंबईला कंपनीत कामाला, कडक सूट, डोळ्यांवर गॉगल. बाईंनी वंदना थांबवली. सासरा तांब्या घेऊन धावला. नवरदेव मांडवामागं चुळा भरतोय, नवरी पदराआड हसतेय आणि सगळं गाव खोळंबलंय. परत आल्यावर तो म्हणाला, "सॉरी बाई, टेन्शनमध्ये खाल्ला."

"टेन्शन आता सुरू होईल," बाई म्हणाल्या आणि पाचवं शील सुरू केलं.

अशी ही बाई. आणि त्यांचे दात काळे होते.

काळे म्हणजे हिरड्यांपाशी काळपट, आमच्याकडच्या बायकांचे असतात तसे. मशेरीचे. बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि त्या भुकटीनं दात घासायचे, ही मशेरी. सकाळी उठल्यावर पहिली ती. मग दुपारी जेवल्यावर तोंड आंबतं म्हणून. मग संध्याकाळी, डोकं जड झालं म्हणून. घासून झालं तरी चिमूटभर हिरडीला लागलेली राहू द्यायची, तेवढीच तरतरी. आणि याला आमच्याकडे कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसनं पुरुषांना असतात. बायका दात घासतात.

बाईंची मशेरी तुडीलला घरीच भाजली जायची. शनिवार-रविवारी जाऊन त्या स्वतः तव्यापाशी बसायच्या. त्या खकाण्यानं अख्खी आळी खोकायची. मग ती बामच्या जुन्या डबीत भरून डबी पिशवीत, पाठ्यपुस्तकांच्या शेजारी. कुणाचा गुटखा काढून घेतलेलाही त्याच पिशवीत जायचा, शाळेमागच्या खड्ड्यात पुरायला. दोन्ही गोष्टी एका पिशवीत राहत होत्या, आणि बाईंना, मला, कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

उलट मला तर त्या डबीचं कौतुकच होतं. त्याचं कारण माझ्या सासूबाई. कोणाला ओसरीपर्यंत घ्यायचं, कोणाला माजघरापर्यंत, कोणाचा चहा कुठल्या कपात, याचा सासूबाईंचा एक कायदा होता. आज सांगतानाही लाज वाटते. बाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चहा वेगळ्या कपात आला. बाईंनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी चहा घेत नाही." घेत होत्या, चांगला बशीभरून घेत होत्या. मी त्या दिवशी शाळेत त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

मग एका सकाळी सासूबाईंची मशेरी संपली. दुकान उघडायला वेळ होता आणि सासूबाईंचं डोकं दुखायला लागलेलं. बाई मला एसटीसाठी हाक मारायला आल्या होत्या. त्यांनी न बोलता डबी पुढं केली. सासूबाईंनी क्षणभर पाहिलं, चिमूट घेतली, घासली, डोळे मिटले. "तांब्यांची मशेरी कडक आहे हो," म्हणाल्या. त्यानंतर रोज सकाळी दोघी मागच्या पायरीवर बसायच्या, दोघींची बोटं आपापल्या तोंडात, बोलणं शक्यच नाही, नुसती एकमेकींना मान. कप कधी एक झाला ते मला कळलंसुद्धा नाही. माझी सगळी समजावणी जिथं हरली तिथं त्या डबीनं काम केलं, असं मला वाटायचं. मी चार ठिकाणी ही गोष्ट कौतुकानं सांगितली आहे. आता सांगवत नाही.

बाईंच्या निवृत्तीच्या आधीचा पावसाळा असेल. गालाच्या आतल्या बाजूला त्यांना एक जखम झाली. "दाढेचं टोक लागतंय," त्या म्हणायच्या. दाढ घासून घेतली, जखम राहिली. त्याच सुमारास डब्यातली नाचणीची भाकरी परत जाऊ लागली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "घास अडकतो गो. तोंडातली जखम बरी झाली की जाईल." मलाही ते पटलं. तोंडात जखम आहे, मग घास अडकणारच, त्यात काय विचारायचं? भाकरी गेली, भात आला. मग मऊ भात. मग नुसती पेज. जखम गालात आणि अडकतंय गळ्याच्या खाली, हे दोन वेगळे पत्ते आहेत, हा विचार कुणाच्या डोक्याला शिवला नाही.

संदेश त्यांना शहरात एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथं काय झालं ते बाईंनी केंद्रशाळेतल्या शिक्षण परिषदेत आम्हा सगळ्यांना रंगवून सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "तंबाखू, गुटखा, सुपारी, काही?"

"मी म्हटलं, डॉक्टर, माणूस बघून विचारा! मी लोकांची तोंडं रिकामी करते. पाचवं शील म्हणवून घेते मी माणसांकडून."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय, सॉरी मॅडम म्हणाला. निर्व्यसनी, असं लिहिलं त्यानं."

आम्ही सगळ्या हसलो. टाळ्यासुद्धा वाजल्या. तांबे बाईंना तंबाखू विचारतो म्हणजे काय! त्या हसल्या तेव्हा त्यांच्या काळ्या हिरड्या सगळ्यांना दिसत होत्या. तिथं बसलेल्या निम्म्या बायकांच्या हिरड्या तशाच होत्या.

जखम कॅन्सरची निघाली. तोवर बाई घाबरल्या नव्हत्या, तेव्हाही फार घाबरल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलंय, निर्व्यसनी माणसालाही कधी कधी होतं, दाढ वर्षानुवर्षं घासत राहिली की होऊ शकतं. गालाचा तेवढा भाग काढला, मांडीची कातडी लावली. बाईंचा चेहरा एका बाजूला ओढला गेला, पण गाठ पूर्ण निघाली होती, आणि तसं त्या सगळ्यांना ठासून सांगायच्या. "आजार झाला, आजार काढला. संपलं." निवृत्तीच्या समारंभाला त्या पदर गालावर ओढून आल्या आणि भाषणही केलं. आवाज थोडा घोगरा होता. सगळे म्हणाले, ऑपरेशननंतर होतंच.

घास मात्र अजून अडकत होता. "टाके ओढतात," बाई म्हणायच्या. महिने गेले, टाके ओढतच राहिले. साडी अंगावर मोठी दिसायला लागली. मी तुडीलला गेले की संदेशची बायको सुजाता काळजीनं सांगायची, "मावशी, चमच्या-चमच्यानं पेज घेतात, ती पण अर्धी बाहेर येते." मी म्हणायचे, अगं, कॅन्सर म्हणजे काय साधं दुखणं आहे? वेळ लागणारच. एका माणसाला एका वेळी एक दुखणं, आणि जे काही होतंय ते त्या दुखण्यामुळंच, हे आपण किती सहज धरून चालतो! पहिला कॅन्सर सापडला आणि त्यानं दुसऱ्याला आडोसा दिला. कुणी शोधलंच नाही, कारण कुणाला वाटलंच नाही की आणखी काही शोधायचं आहे.

शेवटी संदेशनं मुंबईला न्यायचं ठरवलं. मी सोबत गेले. वीर स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना बाई पाण्याचा घोट घ्यायच्या आणि रुमाल तोंडाला लावायच्या. एवढ्यावरही पलीकडच्या बाकावरच्या माणसाला त्यांनी थुंकून यायला लावलंच. तो उठून गेला, तेव्हा मला बरं वाटलं. आपल्या बाई अजून आहेत, असं वाटलं.

तिथली डॉक्टर म्हणजे पोरगीच, आमच्या शाळेतल्या एखाद्या मुलीसारखी. तिनं जुने कागद पाहिले. "मावशी, व्यसन काही नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. ताठ मानेनं.

डॉक्टरनं टॉर्च लावून तोंड उघडायला सांगितलं. बराच वेळ पाहिलं. मग टॉर्च खाली ठेवून तिनं साधंच विचारलं, "मावशी, तुम्ही दात कशानं घासता?"

"मशेरीनं," बाई म्हणाल्या, जसं कुणी साबणानं हात धुतो म्हणेल.

"कधीपासून?"

"आई शेजारी बसवून घासायला शिकवायची तेव्हापासून."

"अहो, मग तंबाखू नाही असं का लिहिलंय?"

"तंबाखू कुठं? मशेरी."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे पाहिलं. छताला पंखा होता, तो फिरत नव्हता, एवढंच मला आठवतं.

दुर्बिणीनं आतून बघितलं तेव्हा गळ्याच्या खाली, अन्ननलिका सुरू होते तिथं, दुसरा सापडला. मोठा होता. डॉक्टरनं संदेशला आणि मला बाहेर बोलावलं, पण बाई मागोमाग आल्याच. "माझ्यासमोर बोला. मला शिकवलेलं कळतं." मग तिनं सगळ्यांना एकदम सांगितलं. हा पहिल्याचा पसरलेला तुकडा नाही. हा वेगळा, स्वतंत्र, त्याच्या त्याच्या मुळाचा. बहुधा दोन्ही बरोबरच वाढत होते. गालातला तोंडात असल्यामुळं दिसला, हा आत असल्यामुळं राहिला. ज्याच्या तोंडात तंबाखू आहे त्याच्या गळ्यातही बघायचंच असतं, कारण तो रस सगळ्या वाटेनं जातो, आणि ती सगळी वाटच नासत असते.

"म्हणजे राब," बाई म्हणाल्या.

डॉक्टरला कळलं नाही. बाईंनी तिला समजावलं, फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. "भाताच्या रोपांसाठी आम्ही जमीन भाजतो, तिला राब म्हणतात. अख्खा वाफा भाजायचा आणि वर बी फेकायचं. मग रोप काय एकाच कोपऱ्यात येतं? कुठंही येतं. दोन ठिकाणी आलं तर नवल कसलं?"

डॉक्टर म्हणाली, "अगदी तसंच, मावशी." तिचे डोळे भरून आले होते. डॉक्टरांचे भरत नाहीत म्हणतात, पण मी पाहिलंय.

पहिल्याच्या वेळीच कळलं असतं तर? हे संदेशनं विचारलं. डॉक्टर सांभाळून बोलली. तेव्हा तो लहान असता, उपाय जास्त होते, एवढंच. आता ऑपरेशन करायचं तर आवाजाची पेटीसुद्धा काढावी लागेल, आणि तरीही खात्री देता येत नाही. शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन बघू. बाईंनी विचार करायला वेळ मागितला नाही. "आवाज राहू द्या. मला एक काम आहे," म्हणाल्या.

वीरहून रिक्षानं महाडला येताना त्यांनी माझा हात धरला. "कुमुद, सगळ्या जगाला मी 'पुन्हा' म्हटलं. मला कुणी नाय म्हटलं गो."

खरंच होतं. मी म्हणायला हवं होतं. माझ्या सासूबाईंनी, संदेशनं, त्या परिषदेतल्या कुणीही. पण तिथं म्हणणारं कोण होतं? आम्हाला सगळ्यांना उत्तर बरोबरच वाटत होतं.

ते काम काय, ते पौर्णिमेला कळलं. तुडीलच्या विहारात बाईंनी बायकांना बोलावलं. शेक सुरू झाला होता, गळा बाहेरून काळा पडला होता, आवाज किंचित फुटायचा. सुजाता शेजारी पाण्याचा पेला घेऊन उभी. वंदना झाली. चार शिलं झाली. पाचव्याला बाई थांबल्या, आणि मागं येऊन उभ्या राहिलेल्या पुरुषांनी सवयीनं माना खाली घातल्या. पण बाई पुरुषांकडे बघतच नव्हत्या.

"हे पाचवं शील मी तुमच्याकडनं कितीदा म्हणवून घेतलं," त्या म्हणाल्या, "आणि मी ते रोज सकाळी मोडत होते. मशेरी म्हणजे तंबाखूच. भाजला म्हणून तंबाखूचा कोळसा होतो, अमृत नाय होत. मला एक नाय, दोन झाले. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी नाय म्हटलं. मी खोटं नाय बोलले, मला खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत झालं. आता तुम्ही नाय म्हणालात तर ते खोटं होईल."

एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. मधे पाणी, मधे खोकला. बायका रडल्या. म्हाताऱ्या बायकांनी पाया पडून सांगितलं, सोडली बाई, आजपासून सोडली. परतताना मला वाटलं, चला, बाईंचा जीव वाचो न वाचो, हे एक काम झालं.

दुसऱ्या दिवशी सुजाताचा फोन आला. म्हणाली, "मावशी, सकाळी आळीत सगळीकडं तोच वास."

त्यानंतर बाई भराभर खालावल्या. नाकातून नळी आली. नळीतून दूध, पेजेचं पाणी. आवाज गेला, नुसता श्वासावर उठणारा एक कुजबुजता शब्द राहिला. मी आठवड्याला जायचे. त्यांच्या हाताशी बसून शाळेतलं काहीबाही सांगायचे. नवा मुख्याध्यापक मोबाइलवर हजेरी घेतो आणि पोरं कुठं होती ते विचारत नाही, असं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापुरतं तेवढंच हसणं.

शेवटची गेले ती सकाळची वेळ होती. बाई ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या, उशीला टेकून. सुजाता नदीवर गेली होती. आम्ही दोघीच. एवढ्यात मागच्या बाजूनं वास आला. भाजल्या तंबाखूचा, तो उग्र, नाकात जाऊन बसणारा. मला खोकला आला. बाईंनी मात्र डोळे मिटले. नळी लावलेल्या नाकानं त्यांनी तो वास आत ओढला, हळूहळू, जितका जाईल तितका.

"अजून बरा वाटतो गो," त्या कुजबुजल्या. "काय करू?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला आणि मलाही रडू आलं. मग त्यांनी माझा हात सोडवला आणि मागच्या दाराकडे बोट केलं. "तू जा. सांग तिला. माझा आवाज नाय आता."

मागच्या दाराला लागूनच असलेल्या आपल्या पडवीत शेजारची शेवंता चुलीपाशी बसली होती. तरणी बाई, पदरात मूल. लहानपणी सुट्टीत बाईंनीच तिला अक्षरं शिकवलेली. विहारात त्या पौर्णिमेला सगळ्यात जास्त रडलेली तीच. तव्यावर पानं काळी होत होती.

"शेवंता, अगं तंबाखू कशाला भाजतेस?" मी म्हटलं. "बाई तिकडं काय भोगतायत बघतेस ना?"

ती दचकली. मग अगदी सरळ, निर्मळ चेहऱ्यानं म्हणाली, "तंबाखू कुठं, बाई? मशेरी हाय ही. दात घासायची."

तेवढ्यात मागं पायांचा आवाज आला. बाई उठून आल्या होत्या. भिंत धरत, ओसरीपासून मागच्या दारापर्यंत. एका हातानं चौकट धरलेली, नळीचं टोक खांद्यावर चिकटवलेलं, साडी अंगावर नुसती टांगलेली. त्यांनी शेवंताकडे पाहिलं. दुसरा हात वर केला, आणि एक बोट हवेत गोल फिरवलं.

शब्द निघाला नाही. पण शेवंताला तो ऐकू आला. तिनं खाली बघितलं, पायाच्या अंगठ्यानं पडवीची जमीन उकरली.

"तंबाखू हाय, बाई," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली, उत्तर बरोबर आल्यावर हलवायच्या तशी. माझी एसटीची वेळ झाली होती आणि संदेश रिक्षा घेऊन दारात आला होता. मी निघाले. वळून पाहिलं तर बाई तिथंच उभ्या होत्या, चौकट धरून. तवा अजून चुलीवर होता, आणि शेवंता तो कधी उतरवते याची त्या वाट बघत होत्या.